पाणी किती दिवसांनी येतं

बदली झाली तेव्हा खानापूरहून
सोनटक्क्याचे कंद आणले होते मी टेम्पोतून,
ओल्या गोणपाटात, मांडीवर घेऊन.
जिल्हा तोच, म्हटलं, माती काय परकी असणार.
तिकडे आमच्या संडासाच्या भिंतीलासुद्धा नेचे फुटायचे.

अथणीत मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात
पानं निपाणीच्या तंबाखूसारखी झाली,
चुरली की वाजायची.
शेजारच्या महानंदाकाकू भिंतीवरून म्हणाल्या,
"बाई, ह्याची पण बदली परत करून घ्या बगा."

म्हणून विजापूर रस्त्याला दुंडाप्पाकडे गेले.
हिरवी जाळी, दोन हौद, सावलीत एक आंधळं कुत्रं.
मी गुलाबाकडे बोट केलं.
त्यानं बोटाकडे पाहिलंच नाही.
"नळाला पाणी किती दिवसांनी येतं?"
आठ. कधी अकरा.
"बोअर?"
आहे. मचूळ. डाळ शिजत नाही त्यात.
"मागची भिंत कुठल्या तोंडाची?"
पश्चिमेची.
"म्हणजे रात्री दहापर्यंत भाजतीय."
स्थळ बघायला आल्यासारखा तो विचारत गेला
आणि मी मुलीकडच्यांसारखी
घरातलं एकेक उणं सांगत गेले.

मग उठला. कण्हेर दाखवली.
"शेळीपण तोंड लावत नाही हिला.
पण शिकवणीला बारकी पोरं येत असतील
तर नको, चीक वाईट."
कोरांटी दिली, न विचारता.
आणि देवचाफा: एक बोडकं दांडकं,
ना मूळ, ना पान,
कट्ट्यावर पंधरा दिवस वाळत टाकलेलं.
"वाळलं की मग लावायचं. ओलं लावलं तर कुजतंय."
जळणासाठी मोळीतून ओढल्यासारखं ते
हातात धरून मी उभी.

आणि गुलाब?
"जगतोय की. का नाही जगणार?
त्याच्यामागं तुमी किती जगणार, ते बगा."

निघताना हौदामागे एक झुडूप दिसलं,
पाचोळ्यात, पिवळ्याधमक फुलांचं,
कुणी पाणी घातल्याची खूण नाही.
हे काय?
"आवरिके."
मला ऐकू आलं, आवर की.
दुकान बंद करायची वेळ झाली असेल म्हणून
मी घाईनं पिशवी उचलली.
तो इतका हसला की कुत्रं उठून बसलं.
"झाडाचं नाव ओ. तुमच्यात तरवड म्हणत्यात."

विकायला नव्हतं ते, आपोआप आलेलं.
उकरूनही नेता येत नाही, म्हणाला,
मूळ कधीच खाली गेलेलं असतंय.
वाळल्या शेंगा चोळून
कन्नड पेपराच्या तुकड्यात बी बांधून दिलं.
"उकळतं पाणी ओतायचं वरनं, रातभर ठेवायचं.
चटका बसल्याबिगर जागं होत नाही हे."
पैसे चाफ्याचे आणि कोरांटीचे घेतले. बियांचे नाही.
पाठमोरी झाले तेव्हा हाक मारली,
"तो सोनटक्का टाकून दिला काय?
मोरीचं पाणी कुठं जातंय तुमच्या?"

घरी येऊन कंद उकरले.
पाच पोचट. एक अजून घट्ट, आल्यासारखा.
तो मोरीच्या तोंडाशी पुरला,
साबण त्याला चालतो का, माहीत नाही.
वाटीत बी, वर उकळतं पाणी, वर झाकण.

मग रात्री दहाला
परसात जाऊन मागच्या भिंतीला हात लावला.
खरंच की. 
भाकरीचा तवा उतरवून बाजूला ठेवावा
तशी अजून गरम.