डावी कात्री

झुवैना,
तू डबा माझ्या हातात दिला नाहीस,
इस्त्रीच्या टेबलावर ठेवलास आणि लगेच वळलीस.
नोंदणीच्या खिडकीशी रांग वाढली होती.
बरं झालं. आमच्यात सुई हातात देत नाहीत,
खाली ठेवतात, दुसऱ्यानं उचलायची,
नाहीतर भांडण होतं म्हणतात.
तुला हे कुणी सांगितलं नसणार.

खजुराचा डबा, झाकणाच्या खोबणीत अजून चिकट.
आत सुया: जाड, बारीक, एक वाकडी, गादीवाल्याची असते तशी.
खडू, निळा आणि पांढरा.
मापाची टेप, जिचे पहिले चार इंच शाबूत आहेत.
माझ्या टेपेचे केव्हाच पुसले,
मी पुढून मोजते आणि मनात चार वजा करते.
ओठ हलत असतील तेव्हा. पाहिले असशील.
रिळं बहुतेक पांढरी, कारण चादरी पांढऱ्या.
पण एक आमसुली.
सूरच्या या अख्ख्या इस्पितळात आमसुली काहीच नाही,
एसीपायी बारा महिने अंगावर असतो
तो माझा कोपराला उसवलेला स्वेटर सोडून.

आणि तळाशी, रुमालात गुंडाळलेली, कात्री.
बोटं घातली आणि बसली.
एवढंच. बसली.

इचलकरंजीत आमच्या गल्लीत दिवसरात्र माग चालायचे,
त्या खडखडाटातही आईला ऐकू यायचा माझा डावा हात.
प्रसाद उजव्यात घे. वाटी उजव्यानं दे.
शाळेत बाईंनी पट्टीनं लिहिण्याचा हात बदलला.
शिवणाचा तेवढा राहिला,
तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.
मग सत्तेचाळीस वर्षांची होईपर्यंत
दुसऱ्यांच्या हाताच्या कात्रीनं कापत आले.
पातं रेघेवर आडवं येतं, कापड दुमडतं,
अंदाजानं जायचं.
अंगठ्याच्या मुळाशी घट्टा आहे, हरभऱ्याएवढा.
मला वाटायचं, शिवणारीला असतोच.

तुमच्याकडेही डावा हात ताटाबाहेर.
ईदला तुझ्या घरी एकाच परातीभोवती बसलो,
तेव्हा मी तो मांडीखाली दाबून धरला होता,
लहानपणीसारखा.
तेव्हा पाहिलंस का?
की तुझ्या अय्हमच्या दिशदाशाचा तुटलेला गोंडा
मी खिडकीपाशी उभ्यानं शिवून दिला, त्या दुपारी?
तू फोनवर बोलत होतीस, तुझी पाठ होती माझ्याकडे.

मस्कतला मिळत नाही अशी कात्री, मी विचारून आले.
दुकानदार म्हणाला, कात्री ती कात्री.
मग लिनन रूममधल्या सलोमीकडून कळलं,
जर्मनीहून येणाऱ्या भाच्याला
तू तीनदा फोन केलास,
आणि त्यानं आधी चुकीची आणली होती.

आता खरं सांगते.
पहिला काप वाकडा गेला.
दुसराही.
हाताला चुकीचंच दाबायची सवय,
नीट कात्री त्याला परकी वाटली.
फाटक्या उशीच्या अभ्र्यांवर तीन आठवडे
गुपचूप गिरवत होते, अ आ इ सारखं.
तू रोज विचारायचीस, कशी आहे?
मी म्हणायची, छान.
काल सकाळी पातं रेघेवरून बाजूला झालं
आणि रेघ दिसली.
निळ्या खडूची, शेवटपर्यंत.

तुला काय म्हणू?
शुक्रन तू त्या खिडकीत दिवसातून शंभरदा ऐकतेस,
दात दुखणाऱ्यांकडूनही.
आणि आभार आमच्याकडे कार्यक्रमाच्या शेवटी मानतात,
लोक चपला शोधत असतात तेव्हा.

तुझ्या पडद्यांचं कापड पाठवून दे. नाही म्हणू नकोस.

आणखी एक. रिकामी कात्री वाजवू नये,
त्यानंही भांडण होतं म्हणतात.
पण डबा आणला त्या रात्री खोलीत एकटीच होते,
खाडीपलीकडचं ऐजाचं दीपगृह खिडकीतून फिरत होतं.
दोन-तीनदा वाजवली.