तुसाची पेटी

एकेचाळीस वर्षं मी उद्यमनगरात
लाकडाचे पॅटर्न केले.
पंपाची घरं, गिअरची पोटं,
कुणाच्या तरी ट्रॅक्टरचे बिनदाताचे जबडे.
प्रत्येक माप केसभर वाढवून घ्यायचं;
लोखंड निवताना आकसतं,
त्याच्या आकसण्याची जागा आधीच ठेवायची.
एवढंच माझं शहाणपण.

मग मालनचं बीपी वाढलं.
डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर लिहिलं
तेल, मीठ, कट
आणि तिन्हींवर एक आडवी रेघ,
नापास मालावर मारतात तशी.
कोल्हापुरात!
इथं रश्श्यावर कट नसला
तर पाहुणा ताटाकडं बघत नाही,
घरधन्याकडं बघतो.

म्हटलं, आता मी रांधतो.
ती हसली नाही.
हसली असती तर बरं झालं असतं.

मोटारीबरोबर आलेलं एक खोकं होतं, देवदाराचं.
आजऱ्याच्या मेहुण्यानं घनसाळाचं तूस दिलं,
पोतंभर, फुकट, वर चेष्टा.
तिच्या विरलेल्या इरकलीचं आतून अस्तर.
मधे पातेल्यापुरता खळगा.
माप घेतलं, सवयीनं वाढवून घेतलं,
आणि चुकलो.
इथं काहीच आकसणार नव्हतं.
पुन्हा मूठमूठ तूस दाबून भरलं.

अख्खा मसूर, रात्रभर भिजलेला.
दहा मिनिटं गॅसवर खळखळला,
की झाकण घट्ट, पातेलं पेटीत, वर उशी.
गॅस बंद.
घर एकदम गप्प.
शिट्टी नाही, भुरभुर नाही.
ते गप्पपण मला सोसेना.
पंधरा मिनिटांनी उघडून बघितलं.
परत उघडलं. परत.
दुपारी मसूर दाताखाली खडा.

मालन म्हणाली,
"फाउंड्रीत ओतल्यावर साचा
दर घटकेला उघडून बघत हुतासा व्हय?"

दुसऱ्या दिवशी पेटीवर कुलूप लावलं
आणि किल्ली तिच्याकडं दिली.
पायी कपिलतीर्थला गेलो,
उशीच्या जुन्या अभ्र्याची पिशवी घेऊन.
दोडके घेतले. बाई शिरा तासून टाकाया लागली;
म्हटलं, ऱ्हाऊ द्या, चटणी हुती त्याची.
तिनं वर बघितलं.
"मामा, घरात तुमीच करतासा?"
व्हय म्हणताना
मान थोडी ताठ झाली, खोटं कशाला बोलू.
परत येताना गंगावेशीत चरवी भरून घेतली,
म्हशीच्या अंगाची ऊब
घरापर्यंत हाताला लागत राहिली.

रविवारी कसबा बावड्याचे रायगोंडा आले.
ताटात मसूर, ज्वारीची भाकरी,
शिरांची चटणी तिळात परतलेली.
त्यांनी वाटी तिरकी केली, सरळ केली.
"भावा, ह्यात कट कुठं हाय?"
मालननं एक छोटी वाटी सरकवली,
लालभडक, काठोकाठ.
"ज्यानं त्यानं आपला घ्यावा."
त्यांनी घेतला. सगळा घेतला.
आणि भाकरी मात्र पाच खाल्ल्या,
हे मी मोजलं.

सिलिंडर आता पंधरा दिवस जास्त पुरतो.
रेघा मी दाराच्या मागं मारून ठेवल्यात, पेन्सिलीनं.
पण रात्री जागा असलो की
सिलिंडरचा हिशेब डोक्यात नसतो.
आयुष्यभर दुसऱ्याचं निवणं मोजलं.
किती आकसेल, कुठं भेगाळेल.
आता एका खोक्यात
न निवणं राखत बसलोय.

काल ती बहिणीकडून उशिरा आली.
बाहेर लाईट गेलेली.
कनवटीची किल्ली काढून तिनंच कुलूप उघडलं,
उशी उचलली, झाकण काढलं.
तिच्या चष्म्यावर वाफ धरली.
पुसला नाही तिनं.
तसंच, आंधळ्यासारखं,
चमचाभर तोंडात घेतलं.
"मीठ कमी पडलंय."
मी डबा शोधाया उठलो.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाली.