जेल-बिंदू

सारेमा बेटावरच्या बोटशेडमध्ये हेल्दुर
रेझिनमध्ये हार्डनर ओततो. घड्याळ बघत नाही.
पाकाची तार बघावी तशी काडी उचलतो:
तुटली. अजून तुटतेय.

लेलो वहीत लिहून घेते,
जेल-बिंदू: साखळ्या एकमेकींना इतक्या ठिकाणी धरतात
की बादलीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत
एकच रेणू होतो.
गोठणबिंदू नव्हे. गोठलेलं वितळतं.

‘मग याचा उपयोग काय?’
‘त्याच्या आधी उरकायचं,’ म्हातारा म्हणतो,
‘जे काय असेल ते.’

तिच्या खिशात हेलसिंकीच्या जहाजाचं तिकीट,
तीन दिवस झाले, एकेरी.
ती तोंड उघडते, मग ब्रश धुते,
मग वाऱ्याबद्दल काहीतरी,
मग सांगते.

हेल्दुर ऐकतो. काडी तशीच बादलीत.
एक बुडबुडा वर यायला निघाला होता,
अर्ध्या वाटेत थांबलाय.

काडी ओढली तर बादलीच उचलली जाते,
गरम, पिवळी, धुपणारी.
‘गेली ही,’ तो म्हणतो,
हसतो की काय, कळत नाही.
‘दुसरी कालव.
आणि परत सांग, कुठल्या तारखेला?’