फोटोच्या डाव्या कोपऱ्यात

फाटकावर नवा कागद लागलाय, प्लास्टिकमध्ये घालून,
कारण वॉल्विस बेचं धुकं
कागदालाही दोन दिवसांत खारवतं.
मोबाइलवर काय टाकावं, काय टाकू नये :
अकरा कलमं, खाली डुवेनहागेसाहेबांची सही.

टोपी घातलेली असावी. मशीन दिसू नये.
डब्यावरचं लेबल दिसलंच तर सुलटं दिसावं.
पगार, ओव्हरटाइम, बर्फ संपला तो मंगळवार : नाही.
वाढदिवसाचा केक चालेल.
नवव्या कलमात म्हटलंय,
आनंद मोकळेपणानं वाटावा.

मेमे लोइडे तारल्यांची डोकी उडवता उडवता म्हणाली,
"आनंदाला टोपी लागते का गं?"
बेल्टपाशी आम्ही सात जणी हसलो
पण आधी सात जणींनी कॅमेरा कुठे वळलाय ते पाहिलं.

मी नियम पाळणारी.
एप्रिलमध्ये, रात्रपाळी सुटल्यावर, मागच्या आवारातून
एक फोटो काढला : वाळवंटाकडून वर येणारा सूर्य,
धुक्याला पडलेली फट, आणि खाडीच्या कडेला
कुणी खडूनं ओढावी तशी
रोहित पक्ष्यांची गुलाबी रेघ.
लिहिलं, "आमची कामाची जागा."
मशीन नाही. लेबल नाही. माणूस नाही,
असं मला वाटलं.

तीनशे बारा अंगठे.
कंपनीनं तो उचलून आपल्या पानावर लावला,
नोटीसबोर्डावर माझं नाव : न्देशी, शाबास.

डाव्या कोपऱ्यात एलिफास होता.
उलट्या क्रेटवर बसलेला, बूट काढून,
मिठाच्या पाण्यानं पांढरेफटक पडलेले पाय
कोवळ्या उन्हाला धरून
मोजे पिळत.
मला तो दिसला नव्हता. अकरा कलमांनाही नाही.

वर उत्तरेला, औटापीत, त्याची मुलगी सहावीत आहे.
तिला ठाऊक होतं : बाबा बंदराच्या कचेरीत
जहाजांच्या वह्या सांभाळतात.
तिनं वर्गात मिरवला फोटो, बाबांची कंपनी म्हणून,
मग कुणीतरी दोन बोटांनी तो मोठा केला.

एलिफास मला काही बोलला नाही.
फक्त बसायची जागा बदलली,
बर्फाच्या यंत्रामागे,
जिथे ऊन येत नाही.

माझा फोटो मी पुसला. कंपनीचा तसाच.
डुवेनहागेसाहेबांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून
कलमं वरून खाली, खालून वर वाचली.
"यात कुठलाच नियम मोडलेला नाही," म्हणाले, अगदी मायेनं.
नियम मोडला असता तर लगेच काढला असता.

झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय.
पण मी उघडली ती
माझी मूठ नव्हती.

काल तो आपणहून आला, उजवा बूट हातात.
उलटा केला : आधी पाणी, मग दोन खवले,
मग तळाच्या भोकातून पलीकडचा उजेड.
नवे बूट मागून पाच महिने झालेत.
"हे काढ," म्हणाला. "पायांसकट.
दिसायचेच असतील तर गळक्या बुटांशेजारी दिसू देत.
सूर्योदयाखाली शोभेला नकोत."

काढलाय. चौथं, सहावं आणि सातवं कलम मोडतो.
चारही कोपरे पाहिलेत, तीन तीनदा.
एका कोपऱ्यात लोइडेची बादली येत होती,
तिलाही विचारून घेतलं.

अजून टाकला नाही.
आधी त्याला मुलीशी बोलायचंय, स्वतः,
फोटो तिच्यापर्यंत पोचायच्या आत.
रविवारी करतो म्हणालाय फोन.
आज गुरुवार.