जोडाक्षराला दीडपट

विट्यातून खानापूरकडं जाताना डाव्या हाताला
एक पत्र्याचं शेड आहे, धुळीनं पांढरं झालेलं.
आत मी. नाकाला पंचा, हातात छिन्नी.
अक्षराला सहा रुपये,
जोडाक्षराला दीडपट.

जालिंदरअण्णांनी माझं घर चालवलं, खोटं कशाला बोलू.
त्यांच्या नावाआधी पदव्या, पदव्यांत जोडाक्षरं फार.
कार्यसम्राट. दोन.
सहकारमहर्षी. एकच, पण रफार नाजूक,
टवका उडतो.
'कर्तव्यदक्ष'मध्ये तीन निघाली त्या साली
थोरली नर्सिंगला गेली.

पुलाचा दगड कोरला. पूल झाला नाही असं नाही,
दोन खांब झाले.
हल्ली त्यांवर बगळे बसतात.
दवाखान्याचा कोरला, आत खताची पोती.
वाचनालयाचा कोरला.
तिथं वाचायला तेवढाच आहे.

मग उपसा योजना. टप्पे सात, दगड सात.
'पाणी' हा शब्द मी सात वेळा कोरला,
आणि प्रत्येक वेळी दगड पुसायला
शेजारच्या हॉटेलातून तांब्याभर मागून आणलं.

सातव्याला हात घसरला.
चाळीस वर्षं न घसरलेला हात.
'जलनायक'मधल्या य च्या जागी ट बसला.

ध्यानात आलं तेव्हा दारात टेम्पो उभा.
मंत्री आले, पडदा सरकला, टाळ्या झाल्या,
पेपरात फोटो आला, ट अगदी ठसठशीत.
महिना गेला. दोन वर्षं गेली.
टँकरची वाट बघत लोक टेकतात त्या दगडाला,
पाठीनं.

एका संध्याकाळी अण्णा आले. एकटेच, जुन्या स्कूटरवर.
स्टुलावर बसले,
समोरच्या धुळीत बोटानं ट काढला.
"हे कितीला पडलं?"
"सहा रुपये, अण्णा. साधं अक्षर."
हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
दहाची नोट दिली, चार रुपये मोजून परत घेतले.
"राहू दे," म्हणाले.

पायरी उतरताना थांबले.
"मिस्त्री, पंचायतीत पहिल्यांदा निवडून आलो ना,
तवा वरच्या माळाला एक हीर खणलेली.
सरकारी नव्हं. आम्ही चौघं, पहारीनं.
पाणी लागलं हुतं.
तिथं दगड लावायचं सुचलंच नाही."

ती विहीर मी पाहिलेली नाही.
माळावर गेलो होतो एकदा, दुसऱ्याच कामाला,
पण बघायचं राहिलं. म्हणजे, बघितलं नाही.

परवा अण्णांचा मुलगा कागद ठेवून गेला.
स्मारकाचा दगड, काळा, सात फुटी.
अक्षरं दोनशे चौदा, जोडाक्षरं एकोणतीस.
विहीर त्यात नाही.
दर सांगितला. त्यानं घासाघीस केली नाही,
अण्णांसारखी.

'जलनायक' आठव्या ओळीत आहे.
मी सातवीपर्यंत आलोय.