शेवटी दोन बरोबर

इसाफ्योर्दुरला नोव्हेंबर सरताना
ऊन डोंगरामागूनच परत फिरतं.
दुपारी दोनला दिवा लावून सैउन
कॉड माशाच्या कानातलं हाड
भिंगाखाली धरून बसलेली.
चिंचोक्याएवढं हाड, त्यात वर्तुळं.
एक वर्तुळ, एक हिवाळा.
तिने मोजले अकरा.

बर्गेनच्या तोरगाइरला पटेना.
म्हणाला, चित्र पाठव.

चौऱ्याण्णव साल. वाटेत कुठेतरी
सात बिटांवर जगणारं एक जुनं यंत्र.
आठवा दिसला की छाटायचं,
नाक्यावरच्या कारकुनासारखं,
ना राग, ना लोभ.
आधी पत्र गेलं. सहीतलं एक अक्षर कापलं गेलं,
आणि बर्गेनला पोचलं: कळावे, स्फुन.
यावर दोघं फोनवर पुष्कळ हसली.
मग चित्र गेलं, आणि
त्याचा चिखल झाला.

तेव्हा तिने चित्राला साधे कपडे घातले.
तीन बाइट घ्यायचे, चोवीस बिटांची माळ,
सहा-सहाचे चार तुकडे,
दर तुकड्याला एक अक्षर.
मोठी लिपी, लहान लिपी, दहा अंक,
एक अधिक, एक तिरकी रेघ.
चौसष्ट. बुद्धिबळाच्या पटावर घरं असतात तेवढी,
आणि त्या गावात पट घरोघरी.
तिघांचं सामान चौघांच्या डोक्यावर.
ओझं वाढलं खरं,
पण छाटण्याजोगं कुणाच्याच अंगावर
काही राहिलं नाही.

पडद्यावर ओळीच ओळी,
त्यात मासा नाही, हाड नाही, एकही हिवाळा नाही.
लादी पुसायला आलेला हाल्वार्दुर थबकला:
"कीबोर्डवरून मांजर गेलं का गं?"

अगदी शेवटी एकच बाइट उरला.
तिघांची पंगत, दोन पाट रिकामे.
त्या पाटांवर यंत्राने मांडल्या दोन खुणा
==
शाळेत हिला म्हणतात बरोबर.
बरोबर, बरोबर.
कशाबरोबर काय, ते विचारू नये.
इथे कुणी यायचं नाहीये,
वाढून ठेवू नका,
एवढाच निरोप.

रात्री साडेनऊला उत्तर:
"हाड पोचलं.
डाव्या कोपऱ्यातली धूळसुद्धा पोचली.
वर्तुळं बारा.
सगळ्यात आतलं, पुसट, पहिल्या हिवाळ्याचं,
ते तू दरवेळी विसरतेस, स्फुन."

तिने दिवा
जवळ ओढला.