दीड गुंज

पास कोलारपर्यंतचा होता.
रजा मिळाली दोन दिवसांची,
त्यातला एक रविवार.
मनमाडहून सोन्याची खाण फार लांब पडते,
म्हणून आपण नाशिकलाच उतरलो,
हातात तीच बॅग,
आठ दिवसांचे कपडे भरलेली.

रविवार कारंज्याजवळच्या लॉजवर
मॅनेजरनं विचारलं, "दर्शनाला?"
तू म्हणालास, "नाही, खाण बघायला."
त्यानं रजिस्टरात लिहिलं : दर्शन.

पंखा एकाच वेगाचा.
उशीला कुणाच्या तरी तेलाचा वास.
तू मला कोलार पाठ म्हणून दाखवलंस,
किती हजार फूट खोल, खाली किती उकडतं,
पिंजऱ्यातून माणसं कशी उतरायची, दाटीवाटीनं, न बोलता.
मी पाय चेपत बसले. माझेच.
बारा वर्षांत पहिल्यांदा
आपल्या दाराला आतून कडी होती
आणि दारापलीकडे
घरातलं कुणी झोपलेलं नव्हतं.
काय बोलायचं तेच सुचेना.
मग बराच वेळ हसलो.

पहाटे सराफ बाजार. शटर खाली.
एक बाई गल्ली झाडत होती,
पण असं, की झोपलेल्या पोराच्या
तोंडावरून हात फिरवावा.
पायरीच्या फटीतून, गटाराच्या काठावरून
कुंचल्यानं धूळ सुपलीत घेत होती.

"नगरपालिकेच्या का?" तू विचारलंस.
"झारेकरी," ती म्हणाली. नाव ठकूबाई.
सासऱ्यापासून ही गल्ली त्यांची,
इथून त्या भट्टीपर्यंत,
पुढं जावेची हद्द, तिकडं बघायचंसुद्धा नाही.
कानस चालते, कण उडतो,
कारागिराच्या पँटला चिकटतो, पायरीवर गळतो.
"सोनाराला दिसत नाही
तेवढं आमचं."

तिच्यामागून आपण नदीवर गेलो.
ती गुडघाभर पाण्यात,
लाकडी परात हळूहळू गोल.
केस गेले, राख गेली, विडीची थोटकं गेली,
मग चिखल, मग काळी रेती.
"पुरात काय करता?"
"दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं
की बाजार बुडतो.
गल्लीतलं सगळं नदी घेऊन जाते.
मग महिनाभर तिच्याकडं मागत बसायचं.
देते. पण मोजून."

पलीकडं पंचवटी जागी होत होती.
त्या काठावर कधीतरी एका बाईनं
हरणाकडे बोट दाखवलं होतं म्हणतात.
मी तिकडं बघितलं नाही.
माझा गोफ पतपेढीत आहे,
तुझ्या बहिणीच्या लग्नापासून.
पावती मनमाडला, फडताळात,
वर्तमानपत्राच्या घडीखाली.
तिला मी मुद्दाम सोबत आणलं नव्हतं.
तुलाही तीच आठवली असावी,
कारण तू एकदम माझा हात धरलास,
आणि धरलाय हे लक्षात आल्यावर
सोडलास.

परातीच्या तळाशी एक रेघ उरली,
पापणीच्या केसाएवढी.
"दीड गुंज भरंल. पारा लावल्यावर कळंल."
चांगल्या पँटीत तू चिखलात बसलास,
कोलार तोंडपाठ असणारा माणूस,
आणि एकही आकडा बोलला नाहीस.

निघताना तिनं हाक मारली,
"साहेब, चपला!"
"काय?"
"झटका हितं. बाजारातून चालत आलात,
आमचा माल घेऊन जाल."

तू दोन्ही काढल्यास. मग माझ्या.
परातीवर एकेक आपटलीस,
इतक्या गंभीरपणे,
की घाटावरचा चहावाला बघत राहिला.
ठकूबाईनं पाणी फिरवलं, वाकून पाहिलं.
"तुमच्यात काय न्हाई," तुला म्हणाली.
"बाईंच्यात असंल एखादा कण."
आणि मला डोळा मारला की ऊन लागलं,
ते मला अजून कळलेलं नाही.

परतीच्या गाडीत शेजाऱ्यानं विचारलं, कुठून?
"खाण बघून आलो," तू म्हणालास.
तो म्हणाला, बरं.

सहा दिवसांचे कपडे
घडी न मोडता परत आलेत.
ते मी बॅगेतच ठेवलेत.